‘लिव्हरला सूज आहे, दगदग करू नको’: साताऱ्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या काकूंचं प्रकरण

चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या: ‘फॅटी लिव्हर ग्रेड २. वजन कमी करणे, रोज चालणे.’ खाली सही. त्याच कागदावर गोळ्यांपुढे किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं नीट लिहिलेलं होतं. चालण्यापुढे काहीच नाही. वर्षभराने काकू पुन्हा तपासणीला गेल्या तेव्हा वजन दीड किलोने वाढलं होतं आणि केसपेपरवर शेरा पडला होता, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. तो केसपेपर घेऊन त्या माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्या, त्याही लिव्हरसाठी नाही, उजव्या गुडघ्यासाठी.

हे प्रकरण लिहिताना वय, घर आणि आकडे यांत मुद्दाम फेरफार केलेत. दोन-तीन बायकांच्या नोंदी एकत्र करून ते बांधलं आहे, त्यामुळे कुणी ओळखीचं माणूस शोधू नये. अडचणी मात्र रोज समोर येतात त्याच आहेत. फॅटी लिव्हरच्या, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेल्या, पेशंटला व्यायाम का जमत नाही, या प्रश्नाचं ‘आळस’ हे उत्तर फार स्वस्त आहे. मला तरी ते क्वचितच खरं निघालेलं दिसतं.

पेशंट आणि तपासण्या

वय ५१. घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. लग्नसराईत आणि गौरी-गणपतीच्या आधी रात्री बारापर्यंत मशीन चालू. पूर्वी पायमशीन होतं. काही वर्षांपूर्वी त्याला मोटार बसवली, तेव्हापासून काम दुप्पट उरकतं आणि पाय दिवसभर जागच्या जागी. सहा वर्षांपासून मधुमेह, बीपीची एक गोळी, दोन बाळंतपणं. दारूचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण निदान कळल्यावर शेजारच्या एका बाईंनी चारचौघींत विचारलं होतं, ‘तुम्ही तर घेत नाही, मग लिव्हर कसं काय खराब झालं?’ त्या दिवसापासून काकूंनी आजाराचं नाव काढणंच सोडलं. ज्याचं नाव घेता येत नाही त्यासाठी रोज संध्याकाळी घराबाहेर पडायचं कारण तरी काय सांगणार?

उंची १५२ सेंमी, वजन ६८ किलो, बीएमआय २९.४. आपल्या लोकांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमर ९६ सेंमी. बायकांसाठी मर्यादा ८०. लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारी एन्झाइम्स: एसजीपीटी ५८, एसजीओटी ४४. प्लेटलेट २ लाख ३० हजार. वय आणि हे तीन आकडे धरून काढलेला फिब-४ हा निर्देशांक १.२८ आला. १.३ च्या खाली असला की लिव्हरमध्ये जास्त व्रण तयार झाल्याची शक्यता कमी समजतात. आकडा काठावर होता म्हणून पुण्याला जाऊन फायब्रोस्कॅन केला: चरबी दाखवणारा कॅप ३१२, कडकपणा ७.२ किलोपास्कल. थोडक्यात, चरबी भरपूर, पण लिव्हर अजून घट्ट झालेलं नाही. म्हणजे बरंच काही मागे फिरवता येण्यासारखं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ७.९.

थकव्याची तक्रार मोठी होती, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी बघून घेतलं. दोन्ही ठीक निघालं. फॅटी लिव्हरच्या पेशंटना थकवा आणि दिवसा झोप येणं या तक्रारी खूप असतात, आणि लिव्हर किती बिघडलंय याच्याशी त्यांचा थेट मेळ बसत नाही. चाचण्या ‘सौम्य’ म्हणतात आणि बाईला दुपारी कात्री उचलवत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आमच्याकडच्या दोन साध्या चाचण्या: अर्ध्या मिनिटात हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, तर ९ वेळा. साठीतल्या बाईकडूनही आम्ही बाराची अपेक्षा धरतो. सहा मिनिटांत चालून झालं ३६५ मीटर.

उसाचा रस आणि विश्रांती

मी गुडघ्याला हात लावायच्या आत काकूंनीच विचारलं, “मॅडम, लिव्हरला सूज असताना व्यायाम चालतोय का? आत काही फुटायबिटायचं नाही ना?”

सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिव्हरचा आकार वाढल्याचं लिहिलं होतं. मुलाने मोबाइलवर बघून घरात सांगितलं, ‘लिव्हरला सूज आहे’. सासूबाईंच्या कानावर तेवढं पडलं आणि पुढचं सगळं ठरून गेलं. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळ, आणि काविळीचं पथ्य कुणाला सांगावं लागत नाही: तेल-तूप बंद, उसाचा रस, फुटाणे आणि पडून राहणं. सासूबाईंनी स्वतः तरुणपणी कावीळ काढलेली. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई सुनेच्या काळजीपोटी रोज दुपारी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून पेलाभर रस आणवायला लागल्या. सून मधुमेही आहे हे त्यांना माहीत होतं, पण हा रस ‘औषधापुरता’ होता. आणि काकू जरा भरभर जिना चढल्या तरी खालून हाक यायची, “दगदग करू नको गं.”

हे हसण्यावारी नेऊ नये. काविळीत माणूस खरंच गळून गेलेला असतो, त्याला पडून राहावंसं वाटतं, आणि घरातल्या माणसांनी त्यातून शहाणपण काढलं. चूक एवढीच की ते दुसऱ्याच आजाराला लावलं गेलं. त्याचा व्यायामाला होणारा अडथळा कुठल्याही गुडघेदुखीपेक्षा मोठा असतो, कारण तो प्रेमातून येतो आणि त्याच्याशी भांडता येत नाही. म्हणून पुढच्या भेटीत सासूबाईंना, म्हणजे घरातल्या आजींनाच बोलावून घेतलं.

त्यांना सांगितलं ते असं. फॅटी लिव्हरवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीचा सुमारे ६० टक्के भाग अंगावरच्याच चरबीतून रक्तावाटे तिथे येतो. साधारण चौथा हिस्सा लिव्हर स्वतः साखरेपासून आणि पिठूळ पदार्थांपासून तयार करतं. ताटातल्या तेला-तुपातून सरळ येणारी चरबी १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे घरात नेमकं उलटं चाललं होतं: तूप बंद आणि रस चालू. वर बसून राहणं. “आजी, कणगी भरून वाहायला लागली आहे. वरून ओतत राहायचं आणि खालून काही काढायचं नाही, तर कसं व्हायचं?” चालताना, उठबस करताना पायांचे स्नायू रक्तातली साखर आणि चरबी ओढून घेतात, इन्सुलिनचं काम सोपं होतं आणि लिव्हरकडे येणारा लोंढा कमी होतो, हे त्यांना पटलं.

“मग रस बंद?”

“बंद.”

“आणि भातावर तूप?”

“चमचाभर चालतंय.”

यावर आजी एकदम आमच्या बाजूच्या झाल्या. त्यांनी सुनेला पुन्हा ‘दगदग करू नको’ म्हटलं नाही. उलट पुढे त्याच घड्याळ बघायला लागल्या.

‘चालणं मला सोसत नाही’

काकूंनी चालून बघितलं नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर लगेच चार-पाच दिवस सकाळी साडेसहाला बाहेर पडल्या होत्या. एका सकाळी हातपाय कापायला लागले, घामाने ब्लाऊज भिजला, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. समोरच्या चहावाल्याने ओळखीने चहा दिला, नेहमीचा गोड, आणि दहा मिनिटांत बरं वाटलं. घरच्यांनी घाबरून ईसीजी, टूडी इको सगळं केलं. हृदय ठणठणीत. पण काकूंच्या मनात निकाल लागला तो लागलाच.

मी विचारलं, त्या दिवशी गोळी केव्हा घेतली होती? “उठल्या उठल्या. विसरायला नको म्हणून मी तोंड धुतलं की घेते.” ती मधुमेहाची जोडगोळी होती: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. ती गोळी न्याहारीच्या वेळी घ्यायची असते. काकूंची न्याहारी नऊला. म्हणजे सहाला गोळी, साडेसहाला भरभर चालणं, पोट रिकामं. साखर खाली जाणार नाही तर काय होणार? गोड चहाने दहा मिनिटांत बरं वाटणं हाच त्याचा दाखला होता, पण त्या गडबडीत कुणाच्याच लक्षात आला नाही.

गोळी बदलणं माझ्या अधिकारात नाही. मी डॉक्टरांना लिहून पाठवलं. त्यांनी सकाळची गोळी न्याहारीच्या पहिल्या घासाला बांधली आणि संध्याकाळचा डोस कमी केला. मी चालण्याची वेळ रिकाम्या पोटावरून काढून जेवणानंतर नेली. सुरुवातीचे पंधरा दिवस चालण्याआधी ग्लुकोमीटरवर बघायचं, १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. पदरात दोन पेपरमिंटच्या गोळ्या बांधलेल्या. त्या एकदाही लागल्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय काकू उंबऱ्याबाहेर पडल्या नसत्या.

उपाशीपोटी चालल्याने चरबी जास्त जळते असं सांगणारे लोक घरोघरी आहेत. ज्यांच्या पिशवीत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आहे त्यांना हा सल्ला देणाऱ्याने आधी पिशवी उघडून बघावी.

चढ, गुडघा, चपला, कुत्री

सातारा चढ-उताराचं गाव. इथे व्यायाम म्हणजे पहाटे अजिंक्यतारा, आणि पुढची पायरी म्हणजे यवतेश्वरचा घाट. हिल मॅरेथॉन याच घाटातून धावतात, आणि काकूंचा पुतण्या ती धावतो. काकूंचे यजमान रोज मित्रांबरोबर किल्ल्यावर जातात. या घरात ‘व्यायाम’ या शब्दाचं मापच एवढं मोठं झालं होतं की गल्लीत दहा मिनिटं चालणं त्यात बसत नव्हतं. एकदा यजमानांबरोबर त्या किल्ल्याकडे निघाल्याही होत्या. उतरताना गुडघ्याने असहकार पुकारला तो आठवडाभर. गुडघ्याची झीज सुरुवातीची होती, मांडीचे स्नायू फार कमजोर. अशा गुडघ्याला उतार सर्वांत वाईट.

बाकीचं नेहमीचंच: साडीवर स्पोर्ट्स शूज घालायची लाज, रात्री गल्लीतली कुत्री, मुलाने हौसेने भरलेली आणि वाया गेलेली जिमची फी.

फॉर्मवरचा एक प्रश्न

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: खोकताना, शिंकताना, भरभर चालताना लघवी सुटते का? बहुतेक जणी तो रिकामा सोडतात. काकूंनीही सोडला होता. तिसऱ्या भेटीत, दार लावल्यावर, मी तोंडी विचारला.

काकू थोडा वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते तर धाकट्याच्या वेळेपासून आहे की. वय झालं की होतंच.”

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. सहा मिनिटांच्या चाचणीत ‘जोरात चाला’ म्हटलं तरी त्या जोरात चालल्या नव्हत्या. मी ते गुडघ्याच्या खाती मांडलं होतं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. चालण्याचा रस्ता निवडताना वाटेत कुणाचं घर आहे हे आधी बघायच्या, कारण बायकांसाठी मुतारी कुठे आहे? घरात परकर बदलता येतो, रस्त्यात नाही. भरभर चालायचं म्हणजे भिजायचं, असं साधं गणित होतं आणि ते त्यांनी वीस वर्षं एकटीने सोडवलं होतं. लिव्हरच्या डॉक्टरांना हे सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांनीही विचारलं नव्हतं. लिव्हरच्या पेशंटला कोण विचारतं?

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत मोठी आडकाठी हीच होती, कारण बाकीच्या अडचणी निदान बोलल्या तरी जात होत्या. पन्नाशीतल्या बाईने ‘मला वेळ नाही’ असं म्हटलं की मी आता हा प्रश्न मागे ठेवून पुढे जात नाही. पोटाचा घेर वाढला की ओटीपोटाच्या तळावर भार वाढतो, साखर जास्त असली की लघवीही जास्त होते. त्यामुळे फॅटी लिव्हर आणि ही तक्रार एकाच बाईत भेटणं अजिबात नवलाचं नाही.

आणि यावर उपाय आहे, तोही शस्त्रक्रियेशिवाय. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळले जातात ते आवळून धरायचे, पाच-सहा सेकंद, मग पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करायचा नाही. तिथे फक्त ओळख पटवायची. नीट शिकवावं लागतं, कारण बऱ्याच जणी श्वास कोंडून पोट आणि मांड्याच आवळतात. काकूंनी तो हुका लावताना करायचं ठरवलं. एक ब्लाऊज, पाच-सहा हुक, दर हुकाला एकदा आवळायचं. बसल्या जागी चाललेला व्यायाम समोरच्या गिऱ्हाइकालाही कळत नाही. तोपर्यंत चालायला जाताना पॅड वापरायचं आणि वेग बेताचाच ठेवायचा, असं मीच सांगितलं. ‘बेताचाच’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला होता.

पाणी कोण भरणार

वेळेचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं की सकाळचा मोकळा वाटणारा तास खरं तर नळाचा आहे. पाणी सकाळी येतं, ते भरणं काकूंकडे. यजमान त्या वेळी किल्ल्यावर. संध्याकाळी पाच ते आठ गिऱ्हाइकं मापं द्यायला आणि कपडे न्यायला येतात. आठनंतर स्वयंपाक. घरात कुणी काकूंना अडवत नव्हतं, फक्त त्यांच्या वाट्याचं काम उचलायलाही कुणी नव्हतं. ‘तू जा की फिरायला’ असं म्हणणं म्हणजे पाठिंबा नव्हे.

यजमानांना मी एकच विनंती केली: आठवड्यातले तीन दिवस पाणी तुम्ही भरा. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग रोजचंच घेतलं अंगावर. किल्ला अर्ध्या तासाने पुढे गेला, बाकी काही बिघडलं नाही. काकूंच्या सुनेने रात्रीच्या भाकऱ्या घेतल्या. माझ्या कुठल्याही व्यायामापेक्षा या दोन बदलांनी जास्त काम केलं असं मला वाटतं.

यजमानांचं एक वाक्य इथे नोंदवते: “मला काय धाड भरली आहे, मी तर बारीक आहे.” हात-पाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी त्यांची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्या अंगाचा हा गुण वजनकाट्यावर दिसत नाही. यजमानांना तो फोटो दाखवला आणि त्यांनाही साखर व लिव्हर तपासून घ्यायला सांगितलं.

कागदावरचा डोस

आता मूळ चिठ्ठीकडे. ‘रोज चालणे’ हा सल्ला आहे, डोस नाही. मी लेटरहेडवर लिहून दिलं: दोन्ही जेवणांनंतर ५ मिनिटं चालणे, घरात किंवा गच्चीवर, दर पंधरवड्याला थोडं वाढवत तीन वेळा १० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून ५ दिवस. वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्यातून ३ दिवस खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, आधार धरून टाचा उचलणे, रबरी पट्टा ओढणे. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटला तर थांबणे. खाली तारीख, सही, पुन्हा केव्हा यायचं ते.

हा कागद काकूंनी देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचणीने लावला. त्याचं महत्त्व मला नंतर समजलं. जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवून बाईने येरझाऱ्या घालणं आपल्या घरांत चमत्कारिक दिसतं. ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय’ म्हटलं की कुणी बोलत नाही. मॅडमनी दिलेल्या कागदाने काकूंना हुरूप आला की नाही ते माहीत नाही, मुभा मात्र मिळाली.

तुकड्या-तुकड्यांनी चाललेलं चालणं हिशेबात धरतात का, असं खूप जण विचारतात. धरतात. निदान सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात काढून टाकली. आणि मधुमेह्यांसाठी जेवणानंतरचं चालणं जास्त कामाचं, कारण साखर चढते ती तेव्हाच.

ताकदीच्या व्यायामावर मी जोर दिला त्यालाही कारण आहे. चालण्या-धावण्याचे आणि ताकदीचे व्यायाम यांची तुलना करणाऱ्या २०१७ च्या एका आढाव्यात दोन्हींनी फॅटी लिव्हर सुधारलेलं दिसलं, आणि ताकदीच्या व्यायामाला दम कमी लागला. ज्यांना धाप लागते, गुडघा दुखतो, बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी हे दार उघडं आहे, आणि आपल्याकडे ते कुणी दाखवत नाही.

काटा हलेना

सुरुवात जूनमध्ये झाली, लग्नसराई ओसरल्यावर. पाऊस पडायला लागला तसं चालणं पुढच्या खोलीपासून परसदारापर्यंत आलं. जुलैअखेर चालणं दिवसाला पंचवीस मिनिटांवर, गुडघा बराच शांत, आणि वजन ६७.६. काकू खट्टू झाल्या. पुतण्याने ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून मीठ चोळलं.

इथेच बहुतेक जण सोडून देतात, कारण सगळ्यांनी मिळून काट्यालाच परीक्षक करून ठेवलेलं असतं. २०२३ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं आढळलं की व्यायाम करणाऱ्या गटात लिव्हरमधली चरबी ३० टक्के किंवा जास्त घटण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट होती, आणि तीही वजन उतरण्यावर अवलंबून नव्हती. डोस साधारण आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा. दुसरी बाजूही तेवढीच खरी: सूज आणि व्रण कमी व्हायचे तर वजन उतरावं लागतं. क्युबात २९३ रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सर्वांत चांगला फायदा झाला तो १० टक्के किंवा जास्त वजन घटवणाऱ्यांना. पण तिथपर्यंत पोचले दहातले एकच. म्हणून मी काकूंना दोन्ही सांगितलं, आणि काट्यावर महिन्यातून एकदाच उभं राहायला सांगितलं. मध्ये मोजायची ती कमर, शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप असतोच. ऑगस्टमध्ये टेपने दोन सेंमी कमी दाखवले.

मग गौरी-गणपती आले. कामाचा ढीग, घरात पाहुणे, मोदक. असं होणार हे आधीच माहीत होतं, म्हणून त्या दिवसांसाठी वेगळा, किमान डोस ठरवला होता: चालणं सुटलं तरी हरकत नाही, पण एक ब्लाऊज शिवून झाला की पाच वेळा खुर्चीतून उठायचं. त्यांनी ते बऱ्यापैकी पाळलं. चालणं तीन आठवडे बंद होतं. सणानंतर ते पुन्हा सुरू झालं ते आजींमुळे; नातवाला सांगून त्यांनी जेवणानंतरचा गजर लावून घेतला होता. दिवाळीतही घसरण झाली, पण तेव्हा त्यांना आपण परत सुरू करू शकतो हे माहीत होतं.

हुकांचा व्यायाम मात्र एकही दिवस चुकला नाही. ऑक्टोबरात एक दिवस काकू स्वतःहून म्हणाल्या, “आता शिंक आली तरी काही होत नाही.” त्यानंतरच चालण्याचा वेग वाढला, सांगावं लागलं नाही.

सहा महिन्यांनी

डिसेंबरमध्ये वजन ६५, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास घट. कमर ९१. एसजीपीटी ३६, एचबीएवनसी ७.१. फायब्रोस्कॅनवर कॅप ३१२ वरून २७४, कडकपणा ६.१. कॅपचा आकडा दर वेळी थोडा मागेपुढे होतो, त्यामुळे एवढ्यावर उड्या मारू नयेत, पण एसजीपीटी आणि कमर त्याच दिशेने गेलेत. अर्ध्या मिनिटात उठबस १४. सहा मिनिटांत ४४० मीटर. दुपारची गुंगी कमी झाल्याचं त्या सांगतात. यात रस बंद झाल्याचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे एका पेशंटवरून वेगळं काढता येणार नाही.

राहिलेलं काम बरंच आहे. वजन अजून निदान दोन किलो उतरायला हवं, म्हणजे सात टक्के होतील. त्यासाठी रात्रीचा उरलेला भात आणि गिऱ्हाइकांबरोबरचे चहा यांच्याकडे बघावं लागेल. आहारतज्ज्ञांची भेट ठरली आहे. ग्लिमेपिराइड आणखी कमी करता येईल का, हे डॉक्टर पुढच्या एचबीएवनसीवरून बघणार आहेत. लग्नसराईतला किमान डोस या वेळी काकूंनीच ठरवून लिहून आणला. त्यात एक ओळ जास्त आहे, रात्री दहानंतर मशीन बंद. ती कितपत टिकते ते मेमध्ये कळेल. यजमानांची सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर ग्रेड १, म्हणजे सुरुवातीचं. गुडघ्याला त्यांच्या काही झालेलं नाही, किल्ला चालूच आहे, त्यामुळे त्यांना लिहून दिलेल्या कागदावर चालणं नाहीच. फक्त पट्टा, भिंतीवरचे जोर, आणि किल्ल्यावरून उतरल्यावरच्या मिसळीला आठवड्यातून एकदाच परवानगी.